सामाईक वास्तू आणि स्वतंत्र वहिवाट

स्मरणिका म्हटली की संस्थापकांची छायाचित्रे, देणगीदारांची नामावली, गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव आणि गतवर्षीच्या कार्याचा अहवाल हे ओघानेच येते. ज्ञातिसंस्थांनी आपली मालमत्ता कशी जमविली, हेही पुष्कळदा लिहिले जाते. परंतु ती जमविल्यावर कोणत्या नात्याने धारण केली, तिच्यातील कोणता भाग सर्वांचा आणि कोणता एकेका कुटुंबाच्या स्वतंत्र वहिवाटीचा, ही मर्यादा कोणी व कशी आखली, याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. संस्थांतील जुन्या कलहांचे मूळ शोधू गेल्यास ते मात्र वारंवार या मर्यादेपाशीच सापडते. आज मुंबई, ठाणे व पुणे येथील जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचे प्रस्ताव घरोघरी चर्चिले जात असताना या इतिहासाकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही, असे वाटते.

हा प्रश्न इंग्रजी राजवटीत किंवा मुंबई शहरात प्रथम उपस्थित झाला असे नाही. एकत्र कुटुंबाची वाटणी होताना तो प्रत्येक वाड्यात उपस्थित होत असे. खोल्या वाटता येतात, भांडी वाटता येतात, परंतु चौकातील विहिरीचे काय करावे? दिंडी दरवाजा कोणाचा? कल्याणीच्या चालुक्य नृपती सहाव्या विक्रमादित्याच्या काळी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर जी मिताक्षरा टीका लिहिली, तीत या विषयाचा ऊहापोह आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अविभाज्य वस्तूंची यादी आहे. त्या यादीतील ‘उदक’ या पदाचा अर्थ विज्ञानेश्वर विहिरीसारखे पाण्याचे आश्रयस्थान असा करतो आणि सांगतो की, अशी वस्तू विकून तिचे मूल्य वाटून घेऊ नये, भावांनी ती पाळीपाळीने उपभोगावी. ‘प्रचार’ या पदाचा अर्थ तो घरात व बागेत ये-जा करण्याचा मार्ग असा देतो, तोही अविभाज्यच. (त्याच यादीत स्त्रियांचाही निर्देश आहे आणि टीकाकार त्याचा अर्थ दासी असा लावून त्यांच्याही कामाच्या पाळ्या सांगतो. हे लिहिताना संकोच वाटतो. पण इतिहास सांगताना निवडक आठवण ठेवणे बरे नव्हे.) देवपूजेची पाळी हा हक्कही याच विचारातून आला व पुढे न्यायालयांनी तो मान्य केला.

यातील मर्म असे की, पाणी आणि वाट यांची वाटणी केली तर वाटून घेतलेल्या खोल्याही निरुपयोगी होतात. ज्याच्या वाट्यास माडी आली, त्यास जिना नसेल तर माडी काय कामाची? स्वतंत्र उपभोग हा सामाईक वस्तूंच्या आधारावरच उभा असतो, ही गोष्ट आपल्या धर्मशास्त्रकारांनी नऊशे वर्षांपूर्वी ओळखली होती. आधुनिक कायद्याने त्यास नवी नावे दिली, एवढेच.

कुटुंबाकडून ज्ञातीकडे वळले म्हणजे सामाईक मालमत्तेचे दुसरे रूप दिसते. एका काळी ज्ञातीची म्हणून जी मालमत्ता असे, तीत भांड्यांना मोठे स्थान होते. तपेली, घंगाळे, पराती, पाट, ओगराळी, जाजमे, सतरंज्या अशी सामग्री कोणा एका कुटुंबास परवडण्यासारखी नसे. वर्गणीतून व पंचांनी बसविलेल्या दंडातून ती विकत घेतली जाई व ज्ञातीतील कोणाकडे कार्य निघाले की त्यास ती वापरावयास मिळे. ज्याच्या घरी लग्न, त्याच्या घरी चार दिवस ती भांडी त्याचीच. पाचव्या दिवशी घासूनपुसून, मोजून परत. येथे मालकी सर्वांची आणि वहिवाट क्रमाने एकेकाची. पुढे ऐपत वाढली तेव्हा भांड्यांना ठेवण्यासाठी खोली, खोलीभोवती वाडी, वाडीत कार्यालय, कार्यालयाच्या मागे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह अशा क्रमाने कित्येक ज्ञातींची मालमत्ता वाढत गेली.

या व्यवस्थेची काळी बाजू अशी की, भांडी देणे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती भांडी न देणेही होते. बहिष्कृत कुटुंबास पंगतीत स्थान नसे, तसेच ज्ञातीची भांडी व वाडीही मिळत नसे. आणि त्याने वर्षानुवर्षे भरलेली वर्गणी तर त्यांतच अडकलेली असे. सामाईक मालमत्तेतील आपला भाग मागून घेण्याची सोय नव्हती, कारण ती भागांनी बनलेलीच नव्हती. अशा कुटुंबाने दाद मागावी तरी कोठे? मुंबई इलाख्यातील १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनातील २१ व्या कलमाने दिवाणी न्यायालयांना ज्ञातिप्रश्नांत हात घालण्यास मनाई केली होती. त्याच वर्षी आर्थर स्टील याने दख्खनमधील ज्ञातींच्या रूढींचा संग्रह प्रसिद्ध केला, तो एल्फिन्स्टनच्या धोरणाचाच भाग होता : लोकांचे रीतिरिवाज जाणून घ्यावेत व शक्यतो त्यांना धक्का लावू नये. तथापि वाद ज्ञातीच्या अंतर्गत शिस्तीचा आहे की मालमत्तेच्या हक्काचा, हा भेद न्यायालयांना करावाच लागला. मालमत्तेचा हक्क असेल तर ती दाद घेत आणि केवळ मानपानाचा असेल तर दाराबाहेर ठेवीत. भांड्यांचा वाद या दोहोंच्या नेमक्या सीमेवर पडे, हे सांगावयास नकोच.

१९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने या बाबतीत मोठा पालट घडविला. जनतेच्या एखाद्या विभागासाठी असलेला निधी हाही सार्वजनिक न्यास ठरला. त्यामुळे ज्ञातींच्या वाड्या, वसतिगृहे व शिष्यवृत्ती निधी यांची नोंदणी झाली, हिशेब तपासले जाऊ लागले आणि धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून स्थावर विकण्यास ३६ व्या कलमाने प्रतिबंध झाला. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला व तो २०१७ मध्ये अमलात आला. समाजाचे सभागृह कोणास बहिष्काराच्या हेतूने नाकारणे हा आता गुन्हा आहे. ज्या सत्तेचा उगम एका तपेल्याच्या किल्लीत होता, ती सत्ता संपविण्यास इतका काळ लागला.

आणखी एक गोष्ट येथेच नमूद केली पाहिजे. ज्ञातीच्या आत जे सामाईक, ते ज्ञातीच्या बाहेरच्यास वर्ज्य असते. हा नियम भांड्यांपुरता राहिला असता तर कोणाचे फारसे बिघडले नसते. परंतु तोच नियम पाणवठ्यांना लावला गेला. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला, तेव्हा विरुद्ध पक्षाने न्यायालयात जो दावा मांडला तो मालमत्तेच्या भाषेतच होता : हे तळे स्पृश्यांच्याच एकट्याच्या वहिवाटीचे आहे, तशी पुरातन रूढी आहे. तळे नगरपालिकेचे होते आणि नगरपालिकेने ते १९२४ सालीच सर्वांस खुले केले होते. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही रूढी सिद्ध होत नाही असा निर्णय दिला. ‘वहिवाट’ हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. त्याच्या आधारे एका समाजाने दुसऱ्यास पाण्यापासून दूर ठेवले होते, हे ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत तरी विसरले जाऊ नये.

आता मुंबईकडे वळू. कारण आपल्या विषयाचे आधुनिक प्रकरण तेथेच घडले. नोकरी-धंद्यासाठी मुंबईस आलेल्या कुटुंबांस प्रथम चाळीचा आश्रय मिळाला. चाळीत नळ सामाईक, सज्जा सामाईक, शौचकूप सामाईक, जिना सामाईक आणि खोली तेवढी स्वतंत्र. परंतु वाड्यात व चाळीत एक मूलभूत अंतर होते. वाड्यातील भाऊ विहिरीचे मालकही होते. चाळीतील बिऱ्हाडकरूंमध्ये केवळ गैरसोय सामाईक होती, मालकी घरधन्याची. नळ गळू लागला तर तो दुरुस्त करण्याचा अधिकार कोणासच नसे व कर्तव्यही कोणाचे नसे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेगने प्रवेश केला आणि अशा दाटीच्या वस्तीची किंमत शहरास कळून आली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले आणि नवे भूखंड आखून ते भाडेपट्ट्याने देण्यास आरंभ केला. जमीन मिळण्याची वाट निघाली. पण कारकुनी पगारावर जगणारा गृहस्थ भूखंड घेऊन त्यावर घर बांधणार कसा?

या प्रश्नाचे उत्तर रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी दिले. चित्रापूर सारस्वत समाजातील या गृहस्थांनी १९०६ साली शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या स्मरणार्थ एक सहकारी पतसंस्था काढली होती. तीच आजची एस. व्ही. सी. बँक. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने अन्य हेतूंसाठीही सहकारी संस्था नोंदविण्याची मुभा दिली आणि १९१५ मध्ये गावदेवी भागात सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदविली गेली. आशिया खंडातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून तिचा उल्लेख केला जातो. ताडदेवची तालमकीवाडी आजही या पुरुषाचे नाव धारण करून आहे. आपली ज्ञाती निराळी असली, तरी ज्या पायवाटेने पुढे सर्वच ज्ञाती चालल्या, ती पाडणाऱ्याचे ऋण मानण्यात कमीपणा नाही.

या संस्थेने जी पद्धती स्वीकारली तिला भाडेकरू सहभागीदारी असे म्हणतात. तिचा उगम इंग्लंडात झाला. लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथे १९०१ मध्ये तशी वसाहत आरंभिली गेली होती. तिची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. जमीन संस्थेची आणि इमारतही संस्थेचीच. सभासद आपल्या ऐपतीप्रमाणे संस्थेचे भाग घेतो, उरलेली रक्कम संस्था कर्जाने उभारते आणि सभासद दरमहा जे भाडे भरतो त्यातून कर्ज, कर व दुरुस्ती भागते. सभासद हा एकाच वेळी भाडेकरू असतो आणि भाडेकरू ज्या संस्थेचा, तिचा तो भागीदारही असतो. त्याच्या गाळ्याच्या चार भिंतींपैकी एकही त्याच्या मालकीची नसते. तरी त्यास त्या गाळ्यातून कोणी घरधनी काढू शकत नाही, कारण घरधनी तो व त्याचे शेजारी मिळूनच बनलेला असतो. सभेत प्रत्येकास एकच मत, मग त्याने दहा भाग घेतलेले असोत की शंभर.

म्हणजे येथे चाळीतील बिऱ्हाडाची काटकसर आणि वाड्यातील भावांची मालकी यांचा संयोग झाला. मूळ कल्पनेत आणखी एक विचार होता. शहर वाढले म्हणजे जमिनीची किंमत वाढते. ती वाढ कोणा एका सभासदाच्या कर्तबगारीने होत नाही, म्हणून तिचा लाभ संस्थेकडेच राहावा आणि सभासद सोडून गेल्यास त्याने आपल्या भागांचे मूल्य घेऊन जावे. प्रस्तुत लेखकाच्या मते या सबंध इतिहासातील अतिशय मोलाचा विचार हाच होय, आणि अतिशय लवकर विस्मरणात गेला तोही हाच.

गावदेवीच्या पाठोपाठ इतर समाजही पुढे आले. वांद्र्यास साष्टीच्या कॅथलिक बांधवांनी १९१८ मध्ये आपली संस्था काढली. दादर-माटुंग्यास हिंदू व पारशी वसाहती उभ्या राहिल्या. १९२५ साली मुंबई इलाख्याने स्वतंत्र सहकारी कायदा केला. काही संस्थांनी सहभागीदारीऐवजी दुसरी पद्धती पत्करली : जमीन संस्थेची, तिजवरील घर मात्र सभासदाचे. तिला भाडेकरू मालकी म्हणतात. बंगल्यांच्या वसाहतीस ती सोयीची होती. जेथे एकावर एक मजले चढवावयाचे तेथे तिचा उपयोग नव्हता. दोन्ही प्रकार महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्याखालील नियमांत आजही आहेत.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. संस्था आधी व इमारत नंतर, हा क्रम उलटला. बांधकाम करणारा व्यावसायिक जमीन घेऊ लागला, इमारत उभारू लागला, गाळे विकू लागला आणि गाळे घेणारे परस्परांस ओळखतही नसताना त्यांची संस्था मागाहून बनू लागली. या व्यवहारांतील गैरप्रकारांस आळा घालण्यासाठी १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला. प्रवर्तकाने खरेदीदारांची संस्था स्थापन करावी व जमीन-इमारतीचे अभिहस्तांतरण तिच्या नावे करून द्यावे, असे त्याने बंधन घातले. कित्येक प्रवर्तकांनी ते पाळले नाही. पैसे घेतले, गाळे दिले, पण जमिनीचा कागद आपल्याच नावे ठेवला. पुढे त्या जमिनीवर वाढीव बांधकामाची मुभा मिळाली की हेच महाशय पुन्हा दारात हजर! म्हणून प्रवर्तकाच्या सहीवाचूनही कागद होऊ शकेल, अशी मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद २००८ मध्ये अमलात आणावी लागली.

त्या १९६३ च्या कायद्याच्या नावातील ‘मालकी हक्क’ या शब्दाने लोकमानसावर जो परिणाम केला, तो कायद्याच्या कलमांनी केला नाही. ‘आमचा स्वतःचा ब्लॉक’ हे शब्द मध्यमवर्गाच्या तोंडी रुळले. वस्तुतः इमारतीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाल्यावर सभासदाच्या हाती राहतो तो भागपत्राशी निगडित असा निवासाचा हक्क. हा हक्क कितपत मालमत्ता आहे, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली रमेश हिम्मतलाल शहा यांच्या प्रकरणात केला. सहभागीदारी संस्थेतील एका सभासदावरील हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी त्याचा गाळा जप्त होऊ शकतो काय, असा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले की, निवासाचा हा हक्क मूल्यवान असून तो जप्त करता येतो व विकताही येतो. निर्णय व्यवहारास धरून होता यात शंका नाही. तारण ठेवता येत नाही अशा घरावर कर्ज कोण देईल? परंतु त्या दिवसापासून तालमकींच्या कल्पनेतील भाडेकरू-भागीदार मागे पडला आणि विक्रीयोग्य गाळ्याचा धनी पुढे आला, असे म्हणावयास हरकत नाही.

१९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याने तर निराळीच वाट दाखविली. त्याखाली गाळा खरोखरच धारकाच्या मालकीचा होतो आणि जमीन, पाया, जिना, गच्ची इत्यादींत त्याचा ठरावीक टक्केवारीचा अविभक्त हिस्सा असतो. या कायद्याने एक तिसरा वर्गही ओळखला : मर्यादित सामाईक जागा व सुविधा. म्हणजे मालकी सर्वांची, परंतु वापर विवक्षित गाळ्यांपुरता राखलेला. एका मजल्यावरच्या दोनच बिऱ्हाडांच्या उपयोगाचा बोळ याचे उदाहरण होय. हा वर्ग घोषणापत्रात लेखी नमूद करावा लागतो. विज्ञानेश्वराने पाळी सांगितली होती. या कायद्याने पाळीऐवजी आराखडा व टक्केवारी आणली.

दोन्ही पद्धतींत खर्चाचे गणित कसे बदलते पाहा. सहकारी संस्थेत पहारेकरी, झाडलोट, सामाईक दिवे यांचा सेवाखर्च प्रत्येक गाळ्यामागे सारखा. गाळा लहान असो वा मोठा. लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतील सर्वांनी सारखा सोसावयाचा, वापर असो वा नसो. तळमजल्यावरील गृहस्थ दरवर्षी सर्वसाधारण सभेत उठून ‘मी लिफ्टमध्ये पाऊल ठेवीत नाही’ असे बजावतो आणि दरवर्षी त्यास तेच उत्तर मिळते. हा संवाद ऐकला नाही असा सभासद विरळा. पाण्याची आकारणी नळांच्या संख्येवरून व मापावरून, दुरुस्ती निधी व सिंकिंग फंड गाळ्याच्या बांधकाम खर्चावरून. १९७० च्या कायद्याखालील अपार्टमेंटमध्ये मात्र सामाईक खर्च हिश्शाच्या टक्केवारीने वाटला जातो. मोठ्या गाळ्याच्या धन्यास जिना झाडण्याचेही अधिक पैसे द्यावे लागतात. जिना तोच, केर तोच, हिशेब मात्र दोन. पहिल्या पद्धतीत सभासद ही व्यक्ती मोजली जाते, दुसरीत तिची जागा. ज्ञातिसंस्थांच्या परंपरेस पहिली अधिक जवळची आहे. ज्ञातीच्या पंगतीत पाटाची रुंदी पाहून कोणी वर्गणी घेत नसे.

गच्ची व वाहने उभी करण्याची जागा यांवरून गेल्या काही दशकांत जितकी वैरे निर्माण झाली, तितकी क्वचितच अन्य कारणाने झाली असतील. आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, जिने, मोकळी जागा या सर्वांच्या वापराच्या आहेत. वाहनाची जागा संस्था नेमून देते. सभासदास ती वापरता येते, विकता येत नाही. वाहने अधिक व जागा अपुऱ्या असल्यास चिठ्ठ्या टाकाव्यात. पुन्हा तीच विहिरीची पाळी! परंतु प्रवर्तक या जागा गाळ्यांप्रमाणे विकत होते. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात निकाल दिला की, इमारतीखाली खांबांमध्ये मोकळी ठेवलेली जागा म्हणजे गाळा नव्हे व गॅरेजही नव्हे. ती सामाईक जागेचाच भाग असून प्रवर्तकास ती विकण्याचा अधिकार नाही. निकालास इतकी वर्षे लोटली, तरी जुन्या करारपत्रातील ‘विकत घेतलेली’ जागा दाखवून भांडणारे सभासद आजही भेटतात.

आणि आता पुनर्विकास. १९५०-६० च्या सुमारास बांधलेल्या इमारती जीर्ण झाल्या. त्यांच्या जागी उंच इमारती बांधण्यास शासनाने वाढीव चटई क्षेत्र देऊ केले. हे वाढीव क्षेत्र कोणाचे? जमीन संस्थेची म्हणून ते संस्थेचे. म्हणजे ज्या मूल्यवृद्धीविषयी वर लिहिले, तीच ही. व्यवहारात मात्र प्रत्येक सभासदास त्याच्या जुन्या गाळ्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात अधिक जागा मिळते. ज्याचा गाळा मोठा त्याचा लाभ मोठा. सभेत मत एकेक, लाभ मात्र चौरस फुटांनी, ही विसंगती फारशी कोणास खटकत नाही. तीस वर्षे सारखा लिफ्टखर्च भरलेल्या लहान गाळ्याच्या विधवा सभासद भगिनीने हा प्रश्न सभेत विचारला तर अध्यक्षांपाशी उत्तर काय? प्रथा तशी आहे, एवढेच. हेही मान्य केले पाहिजे की, मोठ्या गाळ्यासाठी मूळ रक्कमही अधिक भरलेली असते व त्यांचीही बाजू अगदी निराधार नाही.

याहून बिकट प्रकरणे न लिहिलेल्या वहिवाटीची असतात. तळमजल्यावरील एका कुटुंबाने खिडकीखालच्या मोकळ्या जागेत फुलझाडे लावली, कुंपण घातले, कोणी हरकत घेतली नाही, किंबहुना सर्वांनी देवपूजेसाठी फुले नेली. वरच्या मजल्यावरील कुटुंबाने गच्चीवर पत्रा घालून अडगळीचे सामान ठेवले. दोन पिढ्या गेल्या. आता नव्या इमारतीत त्या बागेबद्दल व त्या पत्र्याबद्दल अधिक जागा मिळावी, अशी त्यांची मागणी असते. कार्यवृत्तांत शोधले तर ठराव सापडत नाही. संमती सापडत नाही, विरोधही सापडत नाही. शेजारधर्माने जे चालू दिले, तोच आता हक्क म्हणून समोर उभा राहतो आणि ज्यांनी फुले नेली तेच त्याविरुद्ध सही करतात. शासनाने पुनर्विकासाविषयी २००९ मध्ये निर्देश काढले व २०१९ मध्ये ते सुधारले. सहकारी कायद्यातही त्याच वर्षी गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्यांत सभेची रीत, निविदा, वास्तुविशारदाची नेमणूक हे सर्व आहे. बागेचे उत्तर त्यांत नाही. ते त्या संस्थेच्या जुन्या इतिवृत्त-वहीतच असावयास हवे होते.

राहता राहिला सभासदत्वाचा प्रश्न. ज्ञातीची म्हणून निघालेली संस्था ज्ञातीपुरतीच ठेवता येईल काय? अहमदाबादच्या झोरास्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेने पारशांपुरते सभासदत्व मर्यादित करणारा जो उपविधी केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरविला. संघ स्थापण्याच्या स्वातंत्र्यात आपले सहकारी निवडण्याचे स्वातंत्र्यही येते, अशी त्यामागील भूमिका होती. या निकालावर टीकाही पुष्कळ झाली; ज्या शहरात आडनाव विचारून घर नाकारले जाते, तेथे अशा उपविधींचा आधार कोणास मिळेल, ही शंका रास्तच होती. महाराष्ट्राच्या सहकारी कायद्याचा कल खुल्या सभासदत्वाकडे आहे. पुरेशा कारणावाचून पात्र व्यक्तीस प्रवेश नाकारता येत नाही.

कायद्याचे काही असो, व्यवहाराने हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. एकदा गाळा विक्रीयोग्य ठरला की विकणाऱ्यास ज्ञातीतील गिऱ्हाईक शोधण्याची निकड राहत नाही. मुले परगावी अगर परदेशी स्थायिक झालेली असतात आणि जो अधिक भाव देईल तो सभासद होतो. ज्ञातीच्या नावाने निघालेल्या जुन्या संस्थांची भागपत्रे हाती घेऊन मागील बाजूचे हस्तांतरणाचे रकाने वाचावेत. वरची एकदोन नावे आपल्या ओळखीच्या घराण्यांची. त्याखाली गुजराती, दाक्षिणात्य, कोठे मुसलमान, कोठे ख्रिस्ती नावे क्रमाने उतरलेली. फाटकावरील पाटीवर मात्र ज्ञातीचे नाव तसेच असते, आणि दर दोन-चार वर्षांनी ती पाटी रंगविण्याचा खर्च सर्व सभासदांमध्ये सारखा वाटला जातो.